झाडाची ओळख हवी: बारमाही हिरवं, चकचकीत पानं, पण फुलत नाही (बेसा, नागपूर)

बेसाची_बाग | १६ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. घर घेतलं तेव्हा फाटकाशेजारी हे झुडूप आधीपासूनच होतं. जुन्या मालकांना विचारलं तर "नर्सरीवाल्यानं मिनी मोगरा म्हणून दिलं होतं" एवढंच सांगता आलं. मोगरा तर हा नक्कीच नाही.

उंची माझ्या छातीएवढी. साल फिकट, पिवळसर राखाडी. पानं बारा महिने हिरवी, थंडीतही गळत नाहीत. माळीकाका महिन्याला येऊन कात्रीनं गोल गरगरीत करून जातात, दिसायला छान दिसतं. गेल्या पावसाळ्यात भिंतीकडच्या बाजूला, जिथं कात्री पोचत नाही, तिथं पांढऱ्या फुलांचा एक लहानसा घोस आला होता. वास असा की मी रात्री दार उघडून बघायला गेले. बस्स, तेवढंच. त्यानंतर काही नाही.

मोबाईलमधलं ॲप "मॉक ऑरेंज" म्हणतंय, पण त्याखाली जे फोटो दाखवतंय ते वेगळेच वाटतात. जमीन काळी. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ. हे कोणतं झाड, आणि फुलत का नाही? फोटो जोडले आहेत.

गोकर्ण | १६ मे, रात्री ९:४०

पांढरी फुलं, चकचकीत पानं, बारमाही हिरवं म्हणजे तगर. नागपुरात दर तिसऱ्या अंगणात आहे.

आनंदवाडी | १६ मे, रात्री १०:०५

दुसरा फोटो उघडत नाहीये. वास इतका असेल तर तगर कसली? अनंत असेल. पण आपल्या काळ्या मातीत अनंत इतका खूश राहत नाही, दोन वर्षांत पिवळा पडून मान टाकतो. फुलाचा फोटो नाही का?

पानफूल | १७ मे, सकाळी ७:२०

फूल नसलं तरी बिघडत नाही, ओळख पानावरून होते. उन्हं चढायच्या आत एवढं करा:

एक फांदी तोडा. तोडलेल्या जागी दुधासारखा चीक येतो का? पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं आहेत की एक इकडे एक तिकडे? ज्याला तुम्ही पान म्हणताय ते एकटं आहे की एका मधल्या काडीवर तीन-पाच-सात छोटी पानं बसलेली आहेत? मग एक पान सूर्याकडे धरून आरपार बघा, ठिपके दिसतात का. शेवटी ते चुरडून नाकाशी न्या.

ॲपचं म्हणाल तर मॉक ऑरेंज या नावाखाली जगात दोन वेगळी झुडपं विकली जातात. त्यातलं एक थंड प्रदेशातलं, चार पाकळ्यांचं, हिवाळ्यात पानं गाळणारं. ते बेश्याला फाटकाशेजारी उभं राहणार नाही.

बेसाची_बाग | १७ मे, सकाळी ८:०२

केलं. चीक अजिबात नाही. एका काडीवर पाच, कुठे सात छोटी पानं, टोकाला एक एकटं. ही छोटी पानंही अगदी समोरासमोर नाहीत, थोडी मागेपुढे. उन्हात धरलं तर बारीक बारीक पारदर्शक ठिपके, सुईनं टोचल्यासारखे. चुरडल्यावर वास ओळखीचा आहे पण नाव सुचेना, म्हणून सासूबाईंच्या हातात दिलं. त्या लगेच म्हणाल्या, "संत्र्याच्या सालीसारखा येतो, पण हलका."

पानफूल | १७ मे, सकाळी ८:३०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, धागा त्यांनीच सोडवला.

चीक नाही म्हणजे तगर बाद. तगरीची पानं एकेरी आणि जोडीनं समोरासमोर असतात, देठ मोडला की पांढरा चीक लागलाच. अनंताला चीक नसतो, पण त्याचीही पानं एकेरी आणि समोरासमोर. तुमचं पान संयुक्त आहे, वर तेलाचे ठिपके आहेत. ते ठिपके म्हणजे लिंबू-संत्र्याच्या कुळाची सहीच. ही कुंती, म्हणजे ॲपच्या मॉक ऑरेंजमधलं दुसरं झुडूप. नर्सऱ्यांमध्ये कामिनी किंवा मधुकामिनी म्हणून मिळते. शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. लिनियसनं १७६७ साली हिला वेगळ्याच नावानं नोंदवलं होतं, मुराया या प्रजातीत ती नंतर आली.

आपला गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, हाही याच कुळातला. पण त्याच्या काडीवर पानं बरीच जास्त आणि वास उग्र, त्यामुळे गल्लत व्हायचं कारण नाही.

फुलं आली की मोजून बघा: पाच पाकळ्या, मागे वळलेल्या, आत दहा पुंकेसर, एक लांब एक आखूड असे. नंतर बोराहून लहान, लांबट, नारिंगी-लाल फळं. बुलबुल त्यांच्यावर तुटून पडतात.

शेंदूर | १७ मे, दुपारी १:१५

अरे वा. माझ्याकडे त्रिमूर्तीनगरला कुंडीत "मिनी कामिनी" आहे, पानं तुमच्यापेक्षा खूपच लहान आणि झाड गुडघ्याएवढंच. ती हीच का?

पानफूल | १७ मे, दुपारी २:४०

अगदी जवळची. लहान पानांची ठेंगणी जात काही वनस्पतिशास्त्रज्ञ स्वतंत्र मानतात, काही याच जातीत धरतात. कुंडीसाठी तीच बरी. जमिनीतली मोठ्या पानांची कुंती मोकळी सोडली तर सहज घराच्या खिडकीपर्यंत जाते.

काटोलचा_संत्रेवाला | १७ मे, रात्री १०:३३

ओळख झाली, आता फुलायचं बघू. ताई, तुम्ही झाडाला दोन टाइम पाणी देऊन राहिल्या, तेही काळ्या जमिनीत. त्याला फुलायची गरजच वाटत नसंल.

हे झाड संत्र्याच्या नात्यातलं आहे ना, मग त्याला संत्र्यासारखंच वागवा. आम्ही बागेत काय करतो? मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारी फुलं घ्यायची, तर एप्रिल-मे मध्ये पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल पडतात, थोडी गळतात, आणि काडीत अन्न साठतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो, कारण खालची ओल हटत नाही. मग मृगाचा पाऊस आला की ताण तुटतो आणि नव्या फुटीबरोबर कळ्या निघतात. आंबिया बहाराचंही तेच, फक्त ताण डिसेंबर-जानेवारीत. ज्याच्या बागेत विहिरीचं पाणी पाटातून कायम झिरपून राहते त्याचं झाड हिरवंगार दिसते आणि व्यापारी आला की मालच नसते.

कुंतीही अशीच. कोरड्यानंतर ओल मिळाली की एकदम भरून येते, मग थांबते, मग पुन्हा एखादी उघडीप होऊन पाऊस आला की पुन्हा. तुमच्या झाडाला कोरडं असं काही माहीतच नाही.

दुसरी गोष्ट ती कात्री. फुलं येतात नव्या फुटीच्या शेंड्याला. माळीकाका दर महिन्याला शेंडाच उडवून राहिले. भिंतीकडं कात्री पोचली नाही, तिथं घोस आला, हे तुम्हीच लिहिलं आहे की.

गोकर्ण | १७ मे, रात्री ११:०१

भाऊ, पाणी तोडायचा सल्ला मे महिन्यात? नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आहे. पारा ४५ च्या वर गेला की आमच्याकडे जास्वंदही दुपारी लोळते. बागेतलं दहा वर्षांचं संत्र्याचं झाड वेगळं, अंगणातलं झुडूप वेगळं.

काटोलचा_संत्रेवाला | १८ मे, सकाळी ६:१०

बरोबर बोलले. पूर्ण तोडा असं नाही म्हणत. जमिनीत रुजलेलं, छातीएवढं झाड आहे, मुळं खाली गेलेली आहेत. रोजचं दोनदा बंद करा, चार-पाच दिवसांआड एकदा, आणि द्याल तेव्हा भरपूर. दुपारी पानं मिटल्यासारखी झाली आणि सकाळी परत ताठ दिसली तर काळजी नाही. सकाळीही मलूल दिसली तर त्या दिवशी पाणी द्या. कुंडीतल्या झाडाला मात्र हा प्रयोग मे मध्ये करू नका, सिमेंटच्या गच्चीवर कुंडीची माती एका दिवसात भट्टी होते.

शेंदूर | १८ मे, सकाळी ९:२५

म्हणजे माझी वाचली. मी तिला हिरव्या नेटखाली ठेवलीय, सकाळचं ऊन मिळतं. मिश्रण काय असावं? आत्ता नुसती काळी माती आहे, पाणी दिलं की वर तळं आणि वाळली की कुंडीच्या कडेला बोटभर भेग.

पानफूल | १८ मे, सकाळी ११:००

ती भेगच सगळं सांगते. पाणी भेगेतून सरळ खाली जातं, मुळांचा गोळा कोरडाच राहतो. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड रेती. कन्हानची रेती मिळाली तर उत्तम, बांधकामाच्या ढिगातली चाळून धुवून घ्या. कुंडी १४ इंचांची पुरे. बदल आत्ता नको, पावसाची एक-दोन झड होऊन हवा गार झाली की करा.

युरिया कोणीही टाकू नका. नत्र जास्त झालं की नुसता पाला, फुलाचं नाव नाही.

हिरवा_चाफा | १८ मे, दुपारी ४:४८

अवांतर: बुके बनवणाऱ्यांकडे गुलाबाच्या मागे ही जी हिरवी फांदी लावलेली असते ती हीच का? मी इतकी वर्षं तिला मेंदी समजत होते.

पानफूल | १८ मे, संध्याकाळी ५:१०

बहुतेक वेळा हीच. तोडल्यावर पानं बरेच दिवस टिकतात म्हणून फुलवाल्यांची लाडकी.

बेसाची_बाग | २९ मे, रात्री ८:५०

पाणी कमी केलंय, माळीकाकांना कात्री घरी ठेवून यायला सांगितलं. ते जरा फुगले आहेत. झाड तग धरून आहे, पण दोन शंका. नवीन पानं पिवळी येताहेत, शिरा मात्र हिरव्या. आणि जुन्या पानांची टोकं जळल्यासारखी तपकिरी, कुरकुरीत. उन्हामुळे म्हणावं तर सावलीच्या बाजूलाही तेच आहे. पाण्याचं आणखी काही चुकतंय का? बोअरचं पाणी आहे. शिवाय कूलर धुतला की त्याची टाकी मी याच झाडाला ओतते, पाणी वाया जायला नको म्हणून.

पानफूल | २९ मे, रात्री ९:३५

टोकं त्या कूलरनं जाळली. बोअरचं पाणी आधीच क्षारांचं. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि दर भरणीला वाढत जातात. वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो तो तोच. ते शेवटचं घट्ट पाणी मुळाशी गेलं की पानाच्या टोकाला क्षार साचून टोक मरतं. कूलरची टाकी अंगण धुवायला वापरा. झाडाभोवतीची माती पहिल्या मोठ्या पावसात आपोआप धुऊन निघेल.

पिवळेपणा वेगळा. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि तोही कोवळ्या पानात, म्हणजे लोह मिळत नाही. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीच्या मातीत झाडाला ते उचलता येत नाही.

काटोलचा_संत्रेवाला | ३० मे, सकाळी ६:२२

आमच्या बागांचंही जुनं दुखणं. चुनखडीच्या पट्ट्यातली संत्र्याची झाडं दुरूनच पिवळी ओळखू येतात. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, ताज्या पाण्यात विरघळवून, संध्याकाळी पानांवर फवारा. ४५ च्या उन्हात फवाराल तर उरलेली पानंही जातील. आणि भिंतीवर, फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत, मग घरातले तुम्हालाच बोलतील. चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं) मिळालं तर ते जास्त बरं, पण महाग. बुडाशी शेणखत दरवर्षी घाला, त्यानं हळूहळू फरक पडतो.

आनंदवाडी | ३० मे, सकाळी १०:१४

कूलरच्या पाण्याचं वाचून मी आमच्या तुळशीकडे बघून आले. पान-टोकं तशीच. वाचनखूण साठवली.

बेसाची_बाग | ६ जुलै, सकाळी ६:४०

मंडळी! फुललं!

जूनच्या मध्यात दोन चांगल्या सरी झाल्या. त्यानंतर सगळीकडून पोपटी फूट आली, तिच्या टोकाला मोहरीएवढ्या हिरव्या गाठी दिसल्या. मी पानांचीच फूट समजून बसले होते. परवा संध्याकाळी त्या गाठी लांबट पांढऱ्या कळ्या होऊन उभ्या होत्या, आणि रात्री सासूबाईंनी आवाज दिला. एकेका शेंड्याला दहा-बारा फुलं. पाकळ्या मागे वळलेल्या, दहा पुंकेसर मोजले, खरंच एक लांब एक आखूड. रात्री दिव्याखाली पतंग घोंगावत होते. आज सकाळी फाटकापर्यंत पाकळ्यांचा सडा आहे आणि झाडूवाली बाई विचारतेय की हे रोज असं होणार का.

माळीकाकांनी फोटो काढून घेतला. म्हणाले, "मी आधीच सांगणार होतो."

आता पुढचं: याची गुटी बांधता येते का, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून नवं रोप करता येतं का? कळमेश्वरला सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. बागेच्या फाटकापासून विहिरीपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंतीची रांग लावायचं डोक्यात आलंय.

शेंदूर | ६ जुलै, सकाळी ७:५५

अभिनंदन! गुटी पावसाळ्यातच बांधा. बोटाहून थोडी बारीक फांदी, साल गोल काढून ओलं शेवाळ आणि वर प्लास्टिक. वेळ घेते, पण येते. फांदी नुसती खोचून क्वचितच लागते. बी ताजं पेरलं तर सहज उगवतं, लाल फळाचा गर धुऊन लगेच पेरायचं, साठवून ठेवलेलं बी वाया जातं. पण बियांच्या रोपाला फुलायला वाट बघावी लागते.

काटोलचा_संत्रेवाला | ६ जुलै, दुपारी १२:०९

ताई, थांबा. गुटी बांधा, पण ती कळमेश्वरला नेऊ नका.

संत्र्यावर सायला नावाची कीड येते. अगदी बारीक, तपकिरी, पानावर डोकं खाली आणि पाठ वर करून तिरकी बसते. पिल्लं कोवळ्या शेंड्यात दाटीनं असतात, पांढरे मेणाचे धागे सोडतात, शेंडा मुडपून जातो. हीच कीड सिट्रस ग्रीनिंगचा जंतू एका झाडातून दुसऱ्या झाडात नेते. त्या रोगाला औषध नाही. फळं वाकडी, अर्धी हिरवी राहतात, फांद्या वाळत जातात, शेवटी झाड काढावं लागते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २००५ मध्ये हा रोग सापडला आणि तिथल्या संत्र्याचा धंदा पार बसला.

आणि या सायलाचं सगळ्यात आवडतं झाड कोणतं, तर कुंती. तिला वर्षातून कितीदा तरी कोवळी फूट येते, म्हणजे किडीला बारमाही खानावळ. बागेत तुम्ही फवारणी कराल, फाटकाजवळच्या शोभेच्या झाडावर कोण फवारते? तिथून कीड परत बागेत. रोपासोबत अंडीसुद्धा जाऊ शकतात, कोवळ्या शेंड्याच्या घडीत डोळ्याला दिसतही नाहीत.

गोकर्ण | ६ जुलै, दुपारी १:३०

मग शहरातल्या सगळ्या कुंत्या उपटायच्या का आता? घाबरवून नका सोडू लोकांना.

पानफूल | ६ जुलै, दुपारी ३:०५

उपटायची गरज नाही. रोगाचा जंतू कुंतीत सापडलेला आहे, पण तो तिच्यात संत्र्याइतका वाढत नाही. धोका आहे तो तिच्यावर पोसल्या जाणाऱ्या किडीचा, आणि तो बागेच्या शेजारी. बेश्यातल्या फाटकाशी कुंती खुशाल असू द्या. घरी लिंबाचं झाड असेल तर दोन्हींचे कोवळे शेंडे अधूनमधून बघत जा. मुडपलेला, चिकट शेंडा दिसला की खुडून पिशवीत बंद करून टाका आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. चिकटपणावर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, धरलेली दिसली तर कीड जुनी झाली समजा.

पण संत्र्याच्या बागेत नको, याला माझं पूर्ण अनुमोदन. शोभेसाठी कोणी एवढा धोका घेत नाही.

बेसाची_बाग | ६ जुलै, रात्री ९:२०

बापरे. सासऱ्यांना फोन केला. त्यांना सायला ठाऊक होता, कुंतीचं नव्हतं. त्यांनी उलट विचारलं की कढीपत्त्याचं काय, विहिरीजवळ एक मोठं झाड आहे.

काटोलचा_संत्रेवाला | ७ जुलै, सकाळी ६:००

कढीपत्त्यावरही सायला येते. आमच्या बागेत होता तो मी काढला, आता घराच्या परसात आहे. तुमच्या सासऱ्यांना सांगा, निदान संत्र्यावर फवारतील तेव्हा त्यालाही सोडू नका, आणि मग काही दिवस भाजीत घालू नका. नवीन कलमं घेणार असतील तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून रोगमुक्त कलमांची चौकशी करा. रस्त्यावरच्या गाडीवरून घेऊ नका, तिथं सगळं स्वस्त असते आणि सगळं सोबत येते.

बेसाची_बाग | ७ जुलै, सकाळी ८:४५

भाऊ, धन्यवाद. पण मग फाटक ते विहीर काय लावू? पांढरी फुलं, बारमाही हिरवं, पाणी कमी आणि बकऱ्या आत येणार नाहीत असं. मागणी जास्त होतेय, कळतंय.

काटोलचा_संत्रेवाला | ७ जुलै, सकाळी ९:३०

करवंद. माझ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तेच आहे. काटा असा की बकरी एकदा येते, दुसऱ्यांदा नाही. लिंबाच्या कुळातलं नाही, सायलाचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात पांढरी, सुवासिक फुलं, पावसाच्या तोंडावर फळं. एकदा धरलं की पाणी मागत नाही.

हिरवा_चाफा | ७ जुलै, सकाळी ९:४१

आणि लोणचं.

बेसाची_बाग | ७ जुलै, सकाळी १०:१५

सासूबाई लोणच्यावरच राजी झाल्या. रोपं कुठून आणू, की बी पेरू?

काटोलचा_संत्रेवाला | ७ जुलै, दुपारी १:२०

बी. बाजारात अजून उशिराची करवंदं दिसत असतील, पिकून काळी झालेली घ्या. गर काढून त्याच दिवशी पिशव्यांमध्ये पेरा, याचंही बी ठेवलं की मरते. यंदा पिशवीतच वाढवा, पुढच्या मृगाला धुऱ्यावर लावा, दोन झाडांत हातभर अंतर. पहिला उन्हाळा तेवढं पाणी द्यावं लागंल.